जैन महिलारत्न मगनबाई : एका श्राविकेचे जीवन आणि तिने मागे ठेवलेले ऋण

आपल्या परंपरेत कन्येच्या शिक्षणाची कथा फार जुनी आहे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन्ही कन्यांना जवळ बसवून विद्या दिल्याचा प्रसंग आला आहे. ब्राह्मीला त्यांनी लिपी शिकविली, सुंदरीला अंकविद्या दिली. मनुष्यजातीच्या पहिल्या गुरूने पहिला पाठ दिला तो आपल्या मुलींना, ही गोष्ट आपण प्रवचनांतून ऐकतो आणि अभिमानाने सांगतोही. परंतु सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईतील जैन घरांत डोकावले असते, तर या कथेचा आचार फारच थोड्या घरांत दिसला असता. १९११ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानातील जैन पुरुषांपैकी जवळजवळ निम्मे साक्षर होते. व्यापारउदीम करणारा, हिशेबवही लिहिणारा असा हा समाज. पण त्याच समाजातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शंभरात सुमारे चार एवढेच होते. ब्राह्मीच्या वंशजांना ब्राह्मीची लिपी वाचता येत नव्हती.

अशा काळात एका पित्याने आपल्या कन्येच्या हाती पुस्तक दिले आणि त्या कन्येने ते शेकडो भगिनींच्या हाती पोहोचविण्यासाठी आपले आयुष्य वेचले. तो पिता म्हणजे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी, आणि ती कन्या म्हणजे जैन महिलारत्न मगनबाई. पित्याचे नाव आजही आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. कन्येचे नाव मात्र विस्मृतीत जाऊ लागले आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या पुण्यशील श्राविकेचे स्मरण करणे हे आपले कर्तव्य आहे, असे वाटल्यावरून हा अल्प प्रयत्न केला आहे.

जव्हेरी कुटुंब आणि मुंबई

शेठ माणिकचंदांचा जन्म १८५१ मध्ये सुरत येथे झाला. घराणे दिगंबर जैन, हुमड ज्ञातीचे. घरची परिस्थिती बेताची होती. बंधूंसमवेत ते लहान वयातच मुंबईस आले आणि मोत्यांच्या कामात पडले. मोती पोवण्यापासून सुरुवात करून त्यांनी मोत्यांची पारख आत्मसात केली आणि पुढे ‘माणिकचंद पानाचंद’ ही पेढी नावारूपास आणली. या पेढीचा मोत्यांचा व्यापार युरोपपर्यंत पोहोचला. सरकारने त्यांना जे. पी. ही पदवी दिली. परंतु समाजाने दिलेली ‘दानवीर’ ही पदवीच त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

माणिकचंदांच्या दानाचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी गरज ओळखून दान दिले. परगावाहून येणाऱ्या यात्रेकरूंना मुंबईत उतरावयास जागा नव्हती, म्हणून गिरगावात सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा उभी राहिली. शिक्षणासाठी येणाऱ्या जैन विद्यार्थ्यांना रात्रिभोजनत्याग आणि कंदमूळत्याग पाळून राहता येईल अशी सोय नव्हती, म्हणून तारदेव येथे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग निघाले. कोल्हापूर, अहमदाबाद इत्यादी अनेक ठिकाणच्या बोर्डिंगांमागे त्यांचाच हात होता. तीर्थांच्या रक्षणासाठी १९०२ मध्ये भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

हिराबागेच्या भिंतींनी पुढे बराच इतिहास पाहिला. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींचा जानेवारी १९१५ मध्ये तेथे सत्कार झाला. पंडित नाथुराम प्रेमींनी माणिकचंदांच्या स्मरणार्थ निघालेल्या ग्रंथमालेचे कार्य तेथूनच केले. सी. पी. टँकवरून जाताना आपल्यापैकी अनेकांची नजर त्या वास्तूकडे आदराने वळते. परंतु याच दानशूर घराच्या आत एक दुःख होते, आणि त्या दुःखातूनच समाजाला एक मोठे दान मिळावयाचे होते.

वैधव्य आणि विद्या

मगनबाईंचा जन्म १८८० च्या सुमाराचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचा विवाह बालवयातच झाला, आणि वयाची विशीही पुरी होण्यापूर्वी त्यांच्यावर वैधव्याचा आघात झाला.

त्या काळी विधवा होणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या पिढीस येणे कठीण आहे. जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची मुलगी घराच्या एका कोपऱ्यात बसविली जाई. मंगलकार्यात तिचे दर्शन अशुभ मानले जाई. तिचे वस्त्र, आहार, बोलणे, हिंडणेफिरणे या सर्वांवर निर्बंध येत. विशेष म्हणजे यातील अशुभाची कल्पना जिनवाणीत कोठेही नाही. सुखदुःख हे प्रत्येक जीवाच्या स्वतःच्या कर्माचे फळ आहे, असे आपले शास्त्र सांगते. एका जीवाच्या आयुकर्माचा क्षय झाला, तर त्याचा दोष दुसऱ्या जीवाच्या माथी मारणे हे कर्मसिद्धांताशी विसंगत आहे. तरीही ही रूढी आपल्या समाजाने इतरांप्रमाणेच स्वीकारली होती.

घरात संपत्ती होती. मुलीला आयुष्यभर सुखाने सांभाळणे शेठजींना मुळीच अवघड नव्हते. अनेक श्रीमंत पित्यांनी तेच केले असते. परंतु माणिकचंदांनी तिला केवळ आश्रय दिला नाही, विद्या दिली. तिच्यासाठी धर्मशास्त्राच्या आणि भाषेच्या अध्ययनाची सोय केली, तिला स्वाध्यायाची गोडी लावली, यात्रांत आणि सभांत तिला बरोबर नेले. विधवा कन्येला चार लोकांत उजळ माथ्याने वावरू देणे हे त्या काळी लहान धैर्याचे काम नव्हते. समाजाचा रोष पत्करण्याची तयारी असल्याखेरीज हे होत नाही.

मगनबाईंनीही ही संधी व्यर्थ घालविली नाही. त्यांचे अध्ययन केवळ मन रमविण्यासाठी नव्हते. रत्नकरंड श्रावकाचार, द्रव्यसंग्रह, तत्त्वार्थसूत्र हे त्या काळी दिगंबर जैन पाठशाळांतील नेमाचे ग्रंथ. शास्त्राच्या या अभ्यासातून श्राविकेच्या जीवनात देवपूजा, स्वाध्याय, संयम आणि दान यांचे स्थान काय, हे स्पष्ट होते. व्रते आणि नियम त्यांनी निष्ठेने पाळले. पण शास्त्राचा अर्थ स्वतःला समजल्यावर आपल्यासारख्या इतर भगिनींचे काय, हा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला.

शेजारी काय चालले होते

मगनबाई ज्या गिरगाव-चौपाटी-तारदेवच्या परिसरात वावरत होत्या, तो परिसर त्या काळी स्त्रीजीवनाच्या प्रश्नांनी ढवळून निघालेला होता. बालविवाह अमान्य करणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात गाजत होता. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. १९०८ मध्ये मुंबईत सेवासदनाची स्थापना झाली आणि रमाबाई रानडे त्या कार्याच्या अग्रभागी आल्या.

मग जैन विधवेसाठी वेगळ्या आश्रमाची गरज काय होती? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेल आणि आजही विचारला जाऊ शकतो. याचे उत्तर अगदी व्यवहारातील आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग, सकाळी जिनदर्शन, अष्टमी-चतुर्दशीचे नियम हे ज्या मुलीच्या हाडीमांसी खिळले आहे, तिला ते सोडून शिकावयास जा असे सांगितले, तर ती जाणार नाही, आणि तिचे घरही तिला पाठविणार नाही. शारदा सदनातील धर्मांतराच्या वादामुळे तर सर्वच समाजांतील पालक धास्तावले होते. धर्म सोडल्याशिवाय विद्या मिळत नाही, अशी ज्यांची समजूत झाली होती, त्यांच्यासमोर धर्मासहित विद्या मिळते असे उदाहरण ठेवणे आवश्यक होते. मुलांसाठी जैन बोर्डिंग काढताना पित्याने जो विचार केला, तोच विचार कन्येने भगिनींसाठी केला.

श्राविकाश्रम

१९०९ मध्ये अहमदाबाद येथे श्राविकाश्रमाचा प्रारंभ झाला. पुढे लवकरच तो मुंबईस आणण्यात आला आणि तारदेव येथे स्थिर झाला. या कार्यात मगनबाईंना दोन मोलाच्या सहकारी लाभल्या. एक ललिताबाई आणि दुसऱ्या सोलापूरच्या कंकुबाई. कंकुबाई या सोलापूरचे प्रसिद्ध शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या. ‘जैन बोधक’ या मराठी नियतकालिकाद्वारे महाराष्ट्रातील जैन समाजात जागृती करणारे ते हेच हिराचंद नेमचंद. एक सुरतेकडील गुजराती भाषिक, दुसरी सोलापूरकडील. भाषा आणि प्रांत वेगळे असूनही या भगिनींना त्यांच्या समान दुःखाने आणि समान श्रद्धेने एकत्र आणले. आजही पश्चिम महाराष्ट्रातून परळ-लालबाग-दादर भागांत स्थायिक झालेली मराठी भाषिक जैन कुटुंबे आणि गिरगाव-भुलेश्वरकडील गुजराती भाषिक जैन कुटुंबे यांच्यात अनेकदा अंतर जाणवते. त्या काळी या तिघींनी ते कसे ओलांडले असेल, याचा विचार करण्यासारखा आहे.

आपल्या शास्त्रात चार दाने सांगितली आहेत : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. श्राविकाश्रमाच्या कार्याकडे पाहिले, तर ही चारही दाने एकाच छताखाली एकवटलेली दिसतात. निराधार भगिनीस शुद्ध आहार मिळाला. आजारपणात मायेने पाहणारे माणूस मिळाले. धर्मग्रंथ वाचण्याइतके अक्षरज्ञान आणि ते समजण्याइतके अध्ययन मिळाले. पण या सर्वांहून मोठे होते ते अभयदान. अभयदान म्हणजे केवळ मुक्या प्राण्याचा जीव वाचविणे नव्हे. उद्या मला कोण सांभाळील, या भीतीतून एखाद्या जीवास मुक्त करणे हेही अभयदानच आहे. अक्षर, हिशेब, शिवणकाम आणि धर्मशिक्षण घेतलेली स्त्री कोणाच्याही दारी ओझे होऊन राहत नाही. ती एखाद्या गावातील पाठशाळेत शिक्षिका होऊ शकते. गावोगावच्या कन्याशाळांना व पाठशाळांना शिक्षिका हव्या होत्या, आणि त्या शिक्षिका तयार करण्याचे काम अशा आश्रमांनीच केले.

याच कालखंडात दिगंबर जैन महिलांची अखिल भारतीय परिषद अस्तित्वात आली. तिच्या कार्यातही मगनबाई अग्रभागी होत्या. बिहारमधील आरा येथील ब्रह्मचारिणी पंडिता चंदाबाई यांचे सहकार्य त्यांना मिळाले. चंदाबाई मूळच्या वृंदावनच्या वैष्णव घराण्यातील. विवाहाने जैन कुटुंबात आल्या आणि बालवयातच विधवा झाल्या. त्यांनी १९२१ मध्ये आरा येथे जैन बाला विश्राम ही संस्था उभी केली आणि परिषदेच्या ‘जैन महिलादर्श’ या मासिकाचे संपादन दीर्घकाळ केले. मुंबईत लागलेल्या दिव्यावर बिहारात दुसरा दिवा लागला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कायद्यात अडकलेली श्राविका

विधवेच्या दुःखाला केवळ रूढीच कारणीभूत होती असे नव्हे. तिच्या हाती मालमत्ताही नव्हती. याबाबतीत आपल्या समाजाचा इतिहास उद्बोधक आहे. जैन नीतिग्रंथांत विधवेस पतीच्या संपत्तीवर मोठा अधिकार दिलेला आढळतो. उत्तर हिंदुस्थानातील एका जैन कुटुंबाच्या वादात, शिवसिंग राय विरुद्ध दाखो या खटल्यात, प्रिव्ही कौन्सिलने १८७८ मध्ये निपुत्रिक जैन विधवेचा पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवरील हक्क आणि पतीच्या आज्ञेशिवाय दत्तक घेण्याचा अधिकार रूढीच्या आधारे मान्य केला. परंतु त्यापूर्वीच, १८७३ मध्ये, भगवानदास तेजमल विरुद्ध राजमल या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली होती. विशेष रूढी सिद्ध होत नसेल, तर जैनांना हिंदू कायदाच लागू होईल, असे त्या न्यायालयाने ठरविले. रूढी सिद्ध करण्याचा भार तिच्यावर, आणि तिला स्वतःचे नावही लिहिता येत नाही! कोर्टात जाणार कोण, कागद वाचणार कोण?

१९२६ मध्ये बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी ‘जैन लॉ’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून या प्रश्नाकडे लक्ष वेधले. विधवांच्या मालमत्तेचा कायदा १९३७ मध्ये झाला आणि स्त्रीला संपत्तीची पूर्ण मालकी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मिळाली. हे दोन्ही कायदे पाहण्यास मगनबाई हयात नव्हत्या. कायदा येईपर्यंत थांबावयाचे नाही, हाती आहे त्या साधनाने, म्हणजे अक्षराने, भगिनीला उभे करावयाचे, हाच त्यांचा मार्ग होता.

पितृवियोग आणि पुढील वाटचाल

१९१४ च्या जुलै महिन्यात शेठ माणिकचंदांचे देहावसान झाले. मगनबाईंच्या दृष्टीने हा केवळ पित्याचा वियोग नव्हता. पित्याच्या शब्दाला समाजात वजन होते, आणि त्यांच्या आधारामुळे मगनबाईंच्या कार्यास अनेक ठिकाणी वाट मिळाली होती. हा आधार गेल्यावरही त्यांचे कार्य थांबले नाही. पुढील सुमारे सोळा वर्षे त्यांनी ते स्वतःच्या बळावर चालविले. ‘शेठजींची मुलगी’ ही ओळख मागे पडून ‘महिलारत्न’ ही ओळख उभी राहिली ती याच काळात.

ब्रह्मचारी शीतलप्रसादजी हे माणिकचंदांच्या निकटवर्ती मंडळींपैकी. त्यांनी १९१९ मध्ये शेठजींचे विस्तृत चरित्र लिहिले. पुढे १९२७-२८ च्या सुमारास याच शीतलप्रसादजींनी विधवाविवाहाचा उघड पुरस्कार केला आणि दिगंबर समाजात मोठे वादळ उठले. ज्यांना समाज डोक्यावर घेत होता, त्यांनाच दूर सारण्यात आले. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थान नव्हे. परंतु एक गोष्ट आपण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. श्राविकाश्रमाचा मार्ग वैराग्याचा आणि विद्येचा होता. ज्या भगिनींच्या मनात वैराग्य होते, त्यांना तो तारक ठरला. पण बालवयात विधवा झालेल्या प्रत्येक मुलीच्या मनात वैराग्य असेलच असे नाही, आणि लादलेल्या संयमाला शास्त्र संयम म्हणत नाही. हा प्रश्न समाजाने त्या काळी पुरता सोडविला नाही. मगनबाईंच्या कार्याचा गौरव करताना या उणिवेचा विसर पडू नये. ती उणीव त्यांची नव्हे, समाजाची होती.

महाप्रस्थान

१९३० मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, मगनबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली. बालविवाहास प्रतिबंध करणारा शारदा कायदा त्याच वर्षी १ एप्रिलपासून अमलात आला. मुलीच्या विवाहाचे किमान वय त्याने चौदा वर्षे ठरविले. ज्या रूढीने मगनबाईंचे आणि त्यांच्या असंख्य भगिनींचे बालपण हिरावून घेतले, तिच्यावर कायद्याचा पहिला मोठा आघात त्यांच्या निधनाच्या वर्षीच व्हावा, हा योगायोग मनाला चटका लावून जातो.

आपल्या धर्मात मरणाकडे पाहण्याची दृष्टी निराळी आहे. देह जाणारच, प्रश्न एवढाच की जाताना जीवाबरोबर काय जाते आणि मागे काय राहते. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे नावाची एक श्राविका होऊन गेली. पती युद्धात पडला, बहीण सती गेली, पण अत्तिमब्बे जगली. तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या, जिनालये उभारली आणि ‘दानचिंतामणी’ म्हणून अमर झाली. वैधव्य म्हणजे जीवनाचा अंत नव्हे, ही गोष्ट आपल्याच इतिहासाने हजार वर्षांपूर्वी सिद्ध केली होती. मगनबाईंनी ती पुन्हा सिद्ध केली. अत्तिमब्बेने ग्रंथांच्या प्रती वाटल्या, मगनबाईंनी ग्रंथ वाचणाऱ्या स्त्रिया घडविल्या.

त्यांच्यामागे त्यांचे कार्य वाढतच गेले. विदर्भातील कारंजा येथे कंकुबाईंच्या नावाने श्राविकाश्रम चालला. सोलापूरच्या श्राविकाश्रमाचे कार्य पंडिता सुमतीबाई शहा यांनी मोठ्या प्रमाणावर वाढविले आणि भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. एका तरुण विधवेच्या मनात उठलेल्या प्रश्नाचा हा विस्तार आहे.

आपले कर्तव्य

आज आपल्या घरांतील मुली डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल होत आहेत. पर्युषणात व्याख्याने देत आहेत. त्यांच्यापैकी कितीजणींना मगनबाईंचे नाव ठाऊक आहे? आपल्या मंदिरांच्या, धर्मशाळांच्या भिंतींवर दात्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांत स्त्रियांची नावे बहुधा कोणाची तरी पत्नी किंवा माता म्हणून येतात. स्वतःच्या कार्याने ज्यांचे नाव कोरले जावे, अशा श्राविकांचा इतिहास अजून लिहावयाचा आहे.

आणि प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. विधवेच्या वाट्याला येणारे एकटेपण आजही संपलेले नाही, केवळ त्याचे रूप बदलले आहे. चाळीतील खोली विकून मुले उपनगरांत गेली आणि वृद्ध आई मागे राहिली, असे चित्र परळ-लालबाग-गिरगावात आपण पाहतोच. मंगलकार्यात विधवा भगिनीने एक पाऊल मागे उभे राहावे, ही अपेक्षा कोणी बोलून दाखवीत नाही, पण ती पुष्कळ ठिकाणी अजून पाळली जाते. पुढील पंचकल्याणकात, पुढील विवाहात, तिला सन्मानाने पुढे बोलाविणे एवढे जरी आपण केले, तरी मगनबाईंचे खरे स्मरण केल्यासारखे होईल.

सी. पी. टँकवरील हिराबागेपासून तारदेव फार दूर नाही. पित्याच्या कीर्तीपासून कन्येच्या कार्यापर्यंत पोहोचावयास आपल्या समाजस्मृतीला मात्र फार काळ लागला. ते अंतर आता आपण ओलांडावे, हीच प्रार्थना.

जैन महिलारत्न मगनबाईंच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय जिनेंद्र!